कॉम्प्रेसरच्या एएमसीचा मसुदा वाचून

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. स्क्रू कॉम्प्रेसरच्या (हवा दाबून देणाऱ्या मशीनच्या) एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, तुझा मसुदा वाचला. पेनल्टीची कलमं भरपूर आहेत, पण मशीन बंद पडू नये असं व्हेंडरलाही वाटावं, असं त्यात काहीच नाही. आधी ते बदल.

कॉलमागे पैसे दिलेस तर ब्रेकडाऊन हीच त्याची कमाई. स्पेअरसकट वर्षाची ठोक रक्कम ठरवलीस तर तो सेपरेटर, म्हणजे दाबलेल्या हवेतलं तेल वेगळं करणारा फिल्टर, होईल तितका उशिरा बदलणार. सेपरेटर चोंदत गेला की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक वाढतो, मोटर जास्त वीज खाते, आणि ते बिल येतं तुमच्याकडे. कॉम्प्रेसरच्या आयुष्यभराच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा विजेचाच असतो. म्हणून सेपरेटर किती तासांनी किंवा दाबात किती फरक पडल्यावर बदलायचा, यातलं जे आधी होईल ते, असं स्पष्ट लिही.

पैसे अवर मीटरवरच्या, म्हणजे मशीन प्रत्यक्ष चाललेल्या, तासांप्रमाणे द्यावेत, असं माझं ठाम मत आहे; मग मशीन चालू राहण्यातच त्याची कमाई. ब्रिस्टल सिडली कंपनीने १९६२ साली व्हायपर या विमानाच्या जेट इंजिनाच्या देखभालीसाठी असाच ताशी ठरावीक दर लावला होता. पुढे रोल्स-रॉइसने ती पद्धत मोठी केली. मात्र किमान तासांची हमी तुम्ही द्या. ऑर्डरी घटून तुमची एक शिफ्ट बंद झाली, तरी त्याच्या माणसाचा पगार थांबत नाही.

‘९५ टक्के अपटाइम’ (मशीन चालू राहण्याचा वेळ) एवढ्यावर थांबू नकोस. चोवीस तास चालणाऱ्या मशीनला वर्षाचे ८,७६० तास; त्यातले पाच टक्के म्हणजे ४३८ तास, अठरा दिवसांहून जास्त. ते सलग आले तर प्लांटचं काय होईल? एका वेळी जास्तीत जास्त किती तास मशीन बंद राहिलेलं चालेल, तेही लिही. तुमचा एग्झॉस्ट पंखा बंद राहून कॉम्प्रेसर रूम तापली आणि मशीन ट्रिप झालं, तर तो वेळ त्याच्या खात्यावर टाकू नका.

पर्चेसवाले दर पाडायला सांगतील. त्याला परवडेल त्याच्या खाली गेलात तर डुप्लिकेट फिल्टर बसतील, म्हणून त्याचा हिशेब त्याच्यासोबत बसूनच मांड.

सही करण्याआधी दोघं मिळून मशीन तपासा. तेलगळती, बेअरिंगचा आवाज, डिस्चार्जचं (बाहेर पडणाऱ्या हवेचं) तापमान, सगळं लिहून दोघांच्या सह्या घ्या. मुदत संपताना तीच यादी पुन्हा भरायची, म्हणजे कुरकुरणारं बेअरिंग कुणाच्या काळातलं यावर भांडण होणार नाही. नवा मसुदा पर्चेसला देण्याआधी मला दाखव.

तुझा,
काका