जेवणानंतर छातीत जळजळतं. गॅस की हार्ट अटॅक, घरच्या घरी कसं ओळखायचं?

घरी ओळखता येत नाही. खरं तर उत्तर इथेच संपलं. पण तुम्ही लिहिलंय, "वडिलांना ढेकर आला की बरं वाटतं, म्हणजे गॅसच असणार ना?" ते वाचून हातातलं काम टाकून बसले. आमच्या घरात एका ढेकरापायी अख्खी रात्र गेली.

२०१९, गौरी जेवणाचा दिवस. सासूबाई ६१ वर्षांच्या, शुगर बारा वर्षांपासूनची. रात्री साडेनऊला मागचं आवरून ओट्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "दाढ ठणकतेय गं." छातीबद्दल चकार शब्द नाही. वळून बघते तर कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकाच्या शेंड्यावर आलेलं. बाहेर पाऊस, डोक्यावर पंखा, आणि हात लावला तर अंग गार. दाढ दुखते म्हणून असा घाम कुणाला येतो?

मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. थोरले भाऊजी सणाला आले होते. ते म्हणाले, "पुरणपोळी, वर कटाची आमटी, गॅस नाही तर काय होणार? तू काय डॉक्टर लागून गेलीस?" लिंबू पिळून सोडा दिला. आईंना मोठा ढेकर आला आणि भाऊजींचा चेहरा असा खुलला, जणू निदान झालं. जाऊबाई ओवा घेऊन आल्या. आमचे हे पुण्याला ड्युटीवर. फोनवर म्हणाले, दादा म्हणतोय तसं कर.

पुढे हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाची खालची बाजू छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर टेकलेली असते आणि पडद्याखाली लगेच जठर. त्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की मळमळ, ढेकर, पोटाच्या वरच्या भागात दडपण, सगळं थेट पित्तासारखंच. त्यात जुन्या शुगरनं नसा बोथट झालेल्या, त्यामुळे सिनेमातल्यासारखं छाती धरून कोसळणं वगैरे होईलच असं नाही. बायकांमध्ये तर बऱ्याचदा जबडा, पाठ, धाप, नाहीतर नुसता गळून गेल्यासारखा थकवा.

साडेअकराला मी हट्टच धरला, तेव्हा गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "तासाभरानं परत काढू, नाहीतर कऱ्हाडला न्या, तिथे रक्त तपासतील." यातला 'नॉर्मल' एवढाच शब्द भाऊजींनी उचलला. गाडीत बसताना मला म्हणतात, "झालं समाधान?" आणि आम्ही घरी आलो.

पहिला ईसीजी साफ येऊ शकतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, पण तेही वाढायला काही तास लागतात. म्हणून तर या तपासण्या पुन्हा पुन्हा करतात. एक कागद नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नसतं.

पहाटे साडेतीनला उलटी झाली, बोलताना धाप लागली. शेजाऱ्यांची बोलेरो काढली. कऱ्हाडला पोचल्या पोचल्या ईसीजी, रक्ताची गुठळी वाढू न देणारी ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली आणि थेट अँजिओप्लास्टीला, म्हणजे बंद धमनी आतून उघडायला घेतलं. हृदयाची उजवी धमनी पूर्ण बंद होती. ती उघडी राहावी म्हणून आत जाळीची नळी, स्टेंट, बसला. आमचं केशरी कार्ड, त्यामुळे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं. ज्या बिलाच्या धास्तीनं रात्रभर ओवा चारला, ते बिल आलंच नाही.

आई वाचल्या. पण धमनी बंद राहते तेवढा वेळ पुढचा स्नायू मरत जातो आणि मेलेला परत येत नाही. हृदयाचं पंपिंग ४० टक्क्यांवर आलं. माडीवर जाताना मधल्या पायरीवर थांबतात आणि आम्हाला वाटू नये म्हणून पदर नीट करत राहतात.

भाऊजी आजही म्हणतात, "वेळ आली नव्हती म्हणून वाचली." अहो, वेळ आली नव्हती नाही, वेळ घालवली! सहा तास! खरं सांगायचं तर मीही धुतल्या तांदळाची नाही. साडेनऊला १०८ लावता आला असता, फोन हातातच होता. सणाच्या घरात दारात अँब्युलन्स नको, हे माझ्याही मनात आलंच होतं.

तर तुम्ही काय करायचं? दुखणं, दडपण किंवा जळजळ काही मिनिटांत थांबली नाही आणि सोबत थंड घाम, धाप, उलटी किंवा जबडा-हात-पाठीत कळ असेल, तर सोडा-ईनोचे प्रयोग बंद. १०८ ला फोन करा, पेशंटला चालवू नका, स्वतः गाडी तर मुळीच चालवू देऊ नका. जिथे अँजिओप्लास्टी होते तिथेच न्या. ते फार लांब असेल तर निदान गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेल तिथे. घरातल्या मोठ्यांची परवानगी नंतर घेता येते.

मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कारकून आहे. प्रत्येक जळजळ अटॅक नसते, बहुतेक वेळा पित्तच असतं, हेही खरं. ॲस्पिरिन सगळ्यांना चालत नाही. अल्सर किंवा रक्तस्राव होत असेल तर नकोच, फोनवर डॉक्टरांना विचारून द्या. जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी, सॉर्बिट्रेट, शेजाऱ्याची उचलून देऊ नका. ती बीपी उतरवते, आधीच बीपी उतरलेलं असेल तर माणूस तिथेच आडवा होतो.

आणि तुम्ही सांगितलं नाहीत ते : वडिलांचं वय काय, शुगर आहे का, तंबाखू खातात का? आणि ही जळजळ जेवून शतपावलीला निघाल्यावर येते आणि थांबलं की जाते का? तसं असेल तर ढेकर येवो न येवो, हृदयाला रक्त कमी पडत असू शकतं. इथल्या उत्तरांची वाट न बघता उद्या सकाळीच घेऊन जा. आणि सोबत कुणी भाऊजी येत असतील तर त्यांना घरीच ठेवा.