बक्षीसपत्रावर सही करण्याआधी विचारा

एकट्या राहणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांकडे आमची संस्था गृहभेटी देते. घरं वेगळी असली तरी प्रश्न तेच, आणि कुणीतरी कानात सांगितलेली अर्धवट माहितीही तीच. म्हणून काही उत्तरं एकत्र देते.

आजोबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय. घरी ठेवलेल्या मावशींचा पगार त्यातून मिळेल का?

नाही. ते कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे.

शेजारच्या आजींची श्रावणबाळ योजनेची फाइल ‘करून देतो’ म्हणत एक जण दोन हजार मागतोय. द्यावेत का?

एक रुपयाही नको. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल, तर तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत अर्ज द्या. पैसे थेट बँक खात्यात येतात, त्यात या दलालाचं काही काम नाही. खात्याला आधार जोडलंय का आणि उत्पन्नाचा दाखला चालू आहे का, एवढं आधी पाहा. तरीही अडलं तर त्याच शाखेत विचारा.

वडील पक्षाघातामुळे झोपूनच असतात. माकडहाडावर लाल डाग आलाय. स्पिरिट चोळून पावडर लावावी का?

काहीही चोळू नका, चोळल्याने आतली इजा वाढते. डाग बोटाने दाबा. पांढुरका न होता तसाच राहिला, तर बेडसोअरची, म्हणजे सतत झोपून दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे जागा गरम, टणक किंवा दुखरी लागते. दर दोन तासांनी कूस बदला आणि टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली ठेवा. हवेची गादी जरूर घ्या, पण ती घेतली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. दुकानदार हे सांगत नाही. डॉक्टरांना आजच दाखवा. आम्हाला फोन येतो तो बहुधा जखमेला वास सुटल्यावर.

आई ७६ वर्षांची, एकटी राहते. भाऊ तिला म्हणतो, फ्लॅट बक्षीसपत्राने माझ्या नावावर कर, खर्च कमी येतो. त्याने सांभाळलं नाही तर कायदा आहेच, असं एजंट सांगतो. खरं का?

एजंटने अर्धंच सांगितलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवता येते. पण अट होती, हे दाखवावं लागतं. छापील मसुद्यात असतं काय? ‘प्रेमापोटी, राजीखुशीने’. अशी अट नसेल तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं खरं, पण तिथे सांभाळण्याचं लेखी वचन होतं.

आणि कायदा आहे म्हणजे काय, तर आईने पोटच्या मुलाविरुद्ध प्रांतांकडे अर्ज करायचा. किती आया करतात?

दुय्यम निबंधक कार्यालयात मागे एक आजी पाहिल्या. भांडी घासून झिजलेला अंगठा मशीन घेईना. मुलगा फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा टेकवत होता, ‘जोरात दाब गं’ म्हणत होता. कागदात काय लिहिलंय, ते मात्र कुणी वाचून दाखवलं नाही.

आमचं सगळं काम, डबा, नर्स, औषधं, माणूस स्वतःच्या घरात हक्काने राहतो म्हणून चालतं. घर दुसऱ्याच्या नावावर गेलं की आमच्या कार्यकर्तीला दारातूनच परत पाठवतात. भावाचा हेतू चांगला असेलही, पण उद्या तो हयात नसेल, तर? खर्चाचंच म्हणाल तर मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. ते कधीही बदलता येतं आणि हयातीत घर तिचंच राहतं. भावाच्या ओळखीचा नको, आईचा स्वतंत्र वकील गाठा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तोवर सही नको.

शेजारच्या काकू नीट जेवत नाहीत, दारही क्वचितच उघडतात. वृद्धाश्रमात हलवावं का?

त्यांना विचारलंत का? त्यांच्या मनाविरुद्ध परस्पर काही ठरवू नका. ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर आधी बोला. अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर मात्र वय झालं म्हणून सोडून देऊ नका. लघवीच्या संसर्गानेही तसं होतं. त्याच दिवशी डॉक्टर.