वाचकांचे प्रश्न : गच्चीवरील मिरची आणि तिचे वाळवण

प्रश्न : गच्चीतील कुंड्यांत पिकलेल्या मिरच्या गेल्या डिसेंबरात आठवडाभर उन्हात वाळवून बरणीत भरल्या. महिन्याभरात काही मिरच्यांच्या आत काळपट बुरशी दिसली, तर काही वाळतानाच पांढुरक्या पडल्या होत्या. चूक कोठे झाली? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : दोन्ही दोषांची कारणे निरनिराळी आहेत. मिरचीच्या सालीवर मेणचट आवरण असल्यामुळे आतील ओलावा फार सावकाश बाहेर पडतो. आपल्याकडे बेदाणा करणारे शेतकरी द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, तेही द्राक्षावरील अशाच आवरणाचा अडथळा कमी व्हावा म्हणून. घरच्या मिरचीला त्याची गरज नाही, मात्र तिला पुरेसे दिवस द्यावे लागतात. डिसेंबरात नाशिकचे ऊन कोवळे असते आणि रात्री दव पडते. त्यामुळे दिवसभर सुकलेली मिरची रात्री उघड्यावर राहिली, तर पुन्हा ओलावा धरते आणि वरून कोरडी दिसली तरी देठाखालचा गाभा ओलाच राहतो. बुरशी तेथूनच सुरू होते.

मिरच्या स्वच्छ सुती कापडावर एकेरी थरात पसराव्यात, रोज परताव्यात आणि ऊन उतरण्यापूर्वी घरात घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या कागदावर खालच्या बाजूला घाम धरतो. बी खुळखुळू लागले तरी तेवढ्यावर न थांबता वजन करून पाहावे : एक किलो पिकलेल्या मिरचीचे वाळून सुमारे पाव किलो उरते, आणि लागोपाठ दोन दिवस वजन घटले नाही, तरच बरणी भरावी. थंडीत तिखटासाठी वाळवायची असेल, तर मिरची कात्रीने उभी चिरणे मला अधिक खात्रीचे वाटते.

बुरशी लागलेल्या मिरच्या कृपया भाजून किंवा दळून वापरू नका. अशा बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि ते घरच्या भाजण्या-तळण्याने नाहीसे होत नाही.

पांढुरकेपणा बहुधा घाईच्या तोडणीमुळे येतो. मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतू द्यावी आणि तोडल्यावर एक-दोन दिवस सावलीत गोणपाटावर ठेवावी, म्हणजे रंग सारखा येतो.

प्रश्न : मिरचीची पाने आक्रसली आहेत. रोपे उपटून टाकावीत का? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : लगेच नकोत. पानांच्या कडा वर वळून पानाची वाटी झाली असेल तर बहुधा फुलकिडे असतात, कडा खाली वळल्या असतील तर कोळी (रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड, जाळे विणणारा घरातला कोळी नव्हे). पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारावा आणि संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. आठवड्याने पुन्हा फवारणी करावी. नवी पाने मात्र बारीक, पिवळसर येत असतील आणि रोपाची वाढच खुंटली असेल, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असण्याचा संभव आहे. त्यावर औषध नाही. तेवढे रोप उपटून नष्ट करावे.

प्रश्न : भज्यांची जाड मिरची वाळवता येईल का? (नाशिकरोड)

उत्तर : अख्खी वाळवू नये, जाड गर सुकण्यापूर्वीच आतून कुजतो. वाळवणासाठी ब्याडगी किंवा ज्वाला यांसारखी पातळ सालीची मिरची लावावी. जाड मिरची चिरून, मीठ-मसाला भरून एप्रिलच्या कडक उन्हात सांडगी मिरची करण्यास उत्तम.