लिनक्स सर्व्हरवरच्या नेक्स्टक्लाउडचा (स्वतःच्या सर्व्हरवर फाइल्स ठेवायचं आणि शेअर करायचं सॉफ्टवेअर) बॅकअप घेताना फक्त डेटा फोल्डर कॉपी केला तर पुरेल का?

नाही, डेटा फोल्डरसोबत डेटाबेस आणि कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फोल्डरचाही बॅकअप घ्यावाच लागतो. नेक्स्टक्लाउडच्या अधिकृत मार्गदर्शिकेत हे तिन्ही जपायला सांगितलं आहे (स्वतःची थीम केली असेल तर तिचा फोल्डरही). डेटा फोल्डरमध्ये मुख्यतः फाइल्सच असतात. कोणती फाइल कुणाशी शेअर केली, युजरची खाती, कॅलेंडर, संपर्क हे सगळं डेटाबेसमध्ये, म्हणजे मारियाडीबी किंवा पोस्टग्रेसमध्ये राहतं. आणि कॉन्फिगमध्ये त्या सर्व्हरची गुप्त की असते. ती गेली, तर बाहेरच्या स्टोरेजसाठी साठवलेले पासवर्ड डेटाबेसमध्ये असूनही उघडत नाहीत.

क्रम असा ठेवा:
१. मेंटेनन्स मोड चालू करा (तो चालू असताना युजरना काही बदलता येत नाही).
२. डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची एका फाइलमधली प्रत) घ्या, तो आणि डेटा व कॉन्फिग हे दोन्ही फोल्डर आरसिंकने (फाइल्स कॉपी करायचं साधन) दुसऱ्या मशीनवर न्या.
३. मोड बंद करा.

पहिली पायरी कृपया गाळू नका. मध्येच कुणी फाइल टाकली किंवा हलवली, तर डेटाबेसमधली यादी आणि डिस्कवरच्या फाइल्स जुळत नाहीत. डेटाबेस एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा साधा डेटाबेस) असेल तर त्याची फाइल सहसा डेटा फोल्डरमध्येच असते, त्यामुळे वेगळा डंप लागत नाही. कॉन्फिग मात्र तेव्हाही घ्या.