वाचलेला पैसा कोणाचा?

पत्र : माझे लग्न वैशाखात आहे. आईवडिलांना जळगावच्या लॉनवर दीड हजार पाने उठवायची आहेत. मला मात्र सत्यशोधक पद्धतीने, मोजक्या माणसांत लग्न करायचे आहे. हुंडा आम्ही घेतलेला नाही. लग्न मुलीकडचे करून देणार आहेत, रावेर तालुक्यात त्यांची केळीची बाग आहे. साधे लग्न झाले तर वाचलेल्या पैशांतून पुण्याच्या फ्लॅटलाही हातभार लागेल. आईवडिलांना कसे समजावू?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : थाट आणि साधेपणा यांचा वाद मी बाजूला ठेवते, कारण तुमच्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्याने मला पुढे जाऊ दिले नाही. खर्च मुलीचे वडील करणार असतील, तर त्यातून वाचलेला पैसाही त्यांचाच आहे. तो तुमच्या फ्लॅटपर्यंत कोणत्या वाटेने येणार? लग्नाच्या निमित्ताने मुलीच्या घरून फ्लॅटसाठी पैसे घेणे हा हुंडाच आहे, आणि 1961 च्या कायद्याने तो घेणाऱ्यास किमान 5 वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. ज्या पत्रात तुम्ही हुंडा न घेतल्याचे अभिमानाने सांगता, त्याच पत्रात दोन ओळी खाली तो धरून चालता, याचा मला राग आला.

रावेर-यावलची केळी दुरून श्रीमंत दिसते. लागवडीपासून घड कापणीला येईपर्यंत सुमारे वर्ष जाते आणि मे-जूनमधील एखाद्या वादळात उभी बाग आडवी होते. तुमचा मुहूर्त त्याच दिवसांच्या तोंडावर आहे. त्या गृहस्थांनी खर्चाला होकार दिला तो ऐपत आहे म्हणून, की मुलीचे जमलेले लग्न मोडू नये म्हणून, हे त्यांना कोणी विचारलेले दिसत नाही.

जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याच वर्षी पुरोहितावाचून आणि अत्यल्प खर्चात त्या पद्धतीचा पहिला विवाह लागला. त्या पद्धतीचे नाव घेऊन सासऱ्यांच्या पैशांवर डोळा ठेवणे मला सहन होत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला 2005 पासून मुलाइतकाच हक्क आहे, पण तो तिचा आहे आणि त्याचे काय करायचे हे तीच ठरवील.

म्हणून आईवडिलांना समजावण्याचे तूर्त राहू द्या आणि येत्या रविवारी त्यांना घेऊन मुलीच्या घरी जा. ते आले नाहीत तर एकटे जा. फ्लॅटसाठी एक रुपयाही नको आणि लग्नाचा निम्मा खर्च आमचा, हे होणाऱ्या सासऱ्यांना मुलीच्या समक्ष सांगा. दीड हजार पानांच्या वरण-बट्टीचा निम्मा हिशेब स्वतःच्या घरातून चुकवायचा म्हटल्यावर पाहुण्यांची यादी तुमचे आईवडीलच पुन्हा वाचायला घेतील. फ्लॅटचे हप्ते स्वतःच्या पगारात बसत नसतील, तर तो घेऊ नका आणि बसेपर्यंत दोघे भाड्याच्या घरात राहा.