कोयत्याचा घाव आणि चार लाखांचा निरोप

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय ३४, दोन मुलं. घरी ब्लाउज शिवायचे, महिन्याला नऊएक हजार सुटायचे. चौदा महिन्यांपूर्वी बांधाच्या भांडणात चुलतदिराने कोयत्याने वार केला. उजव्या मनगटाच्या नसा तुटल्या. दोन ऑपरेशनं झाली, तरी अंगठा बोटांना टेकत नाही, कात्री धरता येत नाही. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल आहे, दोषारोपपत्रही गेलंय. आता भावकीतली माणसं निरोप घेऊन आलीत: चार लाख रोख, आणि कोर्टात 'अंधार होता, ओळखलं नाही' एवढंच म्हणायचं. सरकारकडूनही पैसे मिळतात म्हणे, पण कमी. दवाखान्यासाठी खासगीत साठ हजार उचललेत, महिना तीन टक्क्यांनी. शिवाय मालकांच्या टेम्पोचा हप्ता आहे. चार लाख घ्यावेत का?

उत्तर:

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'कात्री धरता येत नाही' हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण पैशाचा सगळा हिशेब त्याच ओळीपाशी आहे. माझी आई फॉल-पिको करायची. अंगठा गेला तर त्या कामातलं काय उरतं, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

आधी त्या चार लाखांचं बघू, कारण मोह तिथेच आहे. खुनाचा प्रयत्न म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०९. हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. गावाने मिटवला म्हणून कोर्टात मिटत नाही. उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घेण्याची वाट असते, पण हत्यार वापरून केलेल्या अशा गंभीर गुन्ह्यात निव्वळ तडजोड झाली म्हणून तसं करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावलेलं आहे. म्हणून तर ही मंडळी तुमच्याकडे सही मागत नाहीत, साक्ष मागतायत. हा समझोता नव्हे, खोट्या साक्षीचा सौदा आहे, आणि तो उघडा पडला तर खटला तुमच्यावर होतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत. फिर्यादीने साक्ष फिरवली म्हणून आधी दिलेली सरकारी भरपाई परत वसूल करायचे आदेशही न्यायालयांनी दिलेले आहेत.

त्यात 'रोख'. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यात घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. चार लाख घेतले तर दंडही चार लाखांपर्यंत जाऊ शकतो. आणि समजा, साक्षीआधी दोन देऊन 'उरलेले नंतर' म्हणाले आणि पुढे हात वर केले, तर तुम्ही कुणाच्या दारात जाणार? या व्यवहाराची पावती मिळत नसते.

आता सरकारच्या पैशाकडे येऊ. तो कमी असतो हे खरंच आहे. पण कमी का असतो आणि आकडा ठरतो कसा हे कळलं, तर त्यातलं जास्तीत जास्त मिळवता येतं.

फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ मध्ये ३५७-अ हे कलम आलं. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच ३९६ आहे. गुन्ह्याने ज्याचं नुकसान झालं त्याच्या पुनर्वसनासाठी राज्याने निधी ठेवायचा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने रक्कम ठरवायची, असं ते कलम सांगतं. यासाठी आरोपीला शिक्षा व्हावीच लागते असं नाही. तो सापडला नाही, निर्दोष सुटला, तरी भरपाई मिळू शकते. म्हणजे खटल्याच्या निकालाची वाट बघत बसायचं कारण नाही. बायकांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये वेगळी योजना केली. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि राज्यांना बजावलं की यात भर घाला, पण काही कमी करू नका. २ ऑक्टोबर २०१८ पासून ती लागू आहे. राज्याची सर्वसाधारण योजना वेगळी आणि तिचे आकडे वेगळे, म्हणून तुमच्या अर्जात या २०१८ च्या योजनेचा नाव घेऊन उल्लेख करा. मनोधैर्य योजनेचं नाव तुमच्या कानावर आलं असेल. ती मुख्यतः बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यांसाठी आहे, तुमची केस त्यात बसत नाही.

२०१८ च्या योजनेत एक तक्ता आहे. जीव गेला तर ५ ते १० लाख, ॲसिडने चेहरा विद्रूप झाला तर ७ ते ८ लाख. तुमच्या कामाच्या ओळी दोन. अवयव निकामी होऊन २० ते ४० टक्क्यांच्या आत कायमचं अपंगत्व आलं, तर १ ते ३ लाख. ४० ते ८० टक्क्यांच्या आत असेल, तर २ ते ४ लाख.

तुम्ही पाठवलेल्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या फोटोत '३८ टक्के, तात्पुरते' असं लिहिलंय. मी तो फोटो मोठा करून पाहिला, आणि खरं सांगतो, हळहळलो. दोन टक्क्यांनी तुम्ही खालच्या ओळीत आहात, आणि 'तात्पुरते' या शब्दामुळे तीही ओळ पक्की नाही, कारण तक्ता कायमच्या अपंगत्वाचा आहे. फिजिओथेरपी संपली असेल आणि आता यापुढे सुधारणा नाही असं डॉक्टर म्हणत असतील, तर जिल्हा रुग्णालयात फेरतपासणी मागा. टक्के वाढवून घ्या असं मी म्हणत नाही, ते करूही नका. पण हाताची तपासणी म्हणजे नुसता मनगटाचा एक्स-रे नव्हे. पकड, संवेदना आणि ताकद या तिन्हींची मोजणी व्हायला हवी. सुई बोटाला टोचलेली कळते का, पेला धरता येतो का, चिमटीत बटण येतं का, हे तिथे सांगा आणि करून दाखवा. उजवा हात हाच तुमचा कामाचा हात, ही नोंदही घ्यायला लावा. ४० टक्क्यांचा आकडा फक्त या तक्त्यापुरता नाही. अपंगांच्या बहुतेक सवलतींचं दार तिथूनच उघडतं. संजय गांधी निराधार योजनेलाही (उत्पन्नाची अट सांभाळून) तोच लागतो.

ओळ ठरली की त्या ओळीत तुम्ही खाली बसता की वर, हे कशावर ठरतं? योजनेत त्यासाठीच्या बाबी दिल्यात: इजा किती गंभीर, उपचाराचा झालेला आणि पुढे होणारा खर्च, बुडालेलं काम, उपचारासाठी आणि कोर्टाच्या तारखांसाठी मोडलेले दिवस, घरची आर्थिक स्थिती. दोन लाख आणि चार लाख यांतला फरक बव्हंशी इथे, म्हणजे कागदावर पडतो. आणि घरी बसून शिवणाऱ्या बाईकडे पगाराची स्लिप नसते, ही इथली नेहमीची अडचण.

पण तुमच्याकडे मापाची वही असेल. असणारच. छाती, कंबर, बाही, गळा, पुढे गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, आणि कोपऱ्यात '२५० जमा' असं काहीतरी. ती वही म्हणजे तुमची पगाराची स्लिप. हल्ल्याच्या आधीच्या वर्षभराची पानं काढा आणि महिनावार बेरीज करा. फोनवर पैसे पाठवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नोंदी पासबुकात सापडतील, त्या पेनाने खुणा करून ठेवा. चार जुन्या गिऱ्हाइकांची सहीनिशी पत्रं घ्या. लग्नसराईतल्या महिन्यांत बेरीज फुगलेली दिसेल, ती तशीच दाखवा. सगळे महिने एकसारखे दाखवले तर कुणालाही शंका येईल.

आता आकडा कमी का, ते. हाच हात ट्रकखाली गेला असता तर हिशेब काय झाला असता ते बघा. महिना ९,००० म्हणजे वर्षाला १,०८,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के धरतात, झाले १,५१,२००. ३१ ते ३५ वयाला ही वर्षाची कमाई १६ ने गुणतात (याला गुणक म्हणतात), म्हणजे २४,१९,२००. आणि कमाईची ताकद निम्मी गेली असं धरलं तर १२,०९,६००. उपचाराचा खर्च, वेदनेचे पैसे वेगळेच. शिवाय अपघात न्यायाधिकरण फक्त डॉक्टरांचे टक्के बघत नाही, त्या माणसाच्या धंद्यावर काय परिणाम झाला ते बघतं. शिवणाऱ्या बाईचा अंगठा आणि शिक्षिकेचा अंगठा तिथे सारखा धरत नाहीत. एकच हात, ट्रकखाली गेला तर बारा लाखांच्या वर, कोयत्याखाली गेला तर फार तर चार. अपघातात मागे विमा कंपनी असते आणि दायित्व पूर्ण नुकसानीचं असतं. इथे राज्य गुन्हेगाराचं दायित्व उचलत नाही, फक्त उभं राहायला हात देतं. मला हा फरक पटत नाही, पण आज नियम असा आहे.

म्हणून सरकारी रकमेला शेवट समजू नका. गुन्हेगाराचं दायित्व वेगळं उभंच आहे. शिक्षा झाली तर न्यायाधीश त्यालाच तुम्हाला भरपाई द्यायला लावू शकतात. पूर्वीचं कलम ३५७, आताचं ३९५. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, अंकुश शिवाजी गायकवाड प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. चुलतदिराच्या नावावर तीन एकर ऊस आहे असं तुम्ही लिहिलंत. भरपाई ठरवताना देणाऱ्याची ऐपत बघतात, तेव्हा हा सातबारा सरकारी वकिलांच्या हातात असू द्या. पण अपील झालं तर ते पैसे निकालापर्यंत अडकतात. मिळतील तेव्हा मिळतील, आजच्या हिशेबात ते शून्यच धरा.

थोडक्यात, एका बाजूला चार लाख, पण ते घेतले की बाकी सगळं बंद. दुसऱ्या बाजूला राज्याकडून दोन-तीन लाख आणि आरोपीकडून मिळण्याची वाट उघडी. मी दुसरी बाजू घेईन. ती सोपी नाही हेही सांगतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी संपवावी असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात निधी यायला जास्त वेळ लागलेला मी पाहिलाय. आणि त्या दिवसांत रोज त्याच पाणंदीने जायचंय तुम्हाला. निरोप घेऊन कोण आलं, कधी आलं, काय म्हणालं, हे सरकारी वकिलांना लेखी द्या. दबाव वाढला तर साक्षीदार संरक्षणाचा अर्ज त्यांच्यामार्फत करता येतो.

पैसे आल्यावरचं. समजा तीन लाख मंजूर झाले. योजनेप्रमाणे ७५ टक्के, म्हणजे २,२५,०००, किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जातात. हातात येतात ७५,०००. ठेवीचं व्याज दरमहा तुमच्या बचत खात्यात पडतं. साडेसहा टक्के धरले तर महिना बाराशेच्या आसपास. आणि साठ हजारांवर तीन टक्क्यांनी तुम्ही भरताय महिना अठराशे. म्हणजे ठेव सव्वादोन लाखांची, कर्ज साठ हजारांचं, तरी व्याजात कर्जच पुढे. तेव्हा ७५,००० मधून पहिले साठ हजार तिथे जातील, चिठ्ठी फाडून घ्यायची. (महिना तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. विनातारण, बिगरशेती कर्जाला सावकारी कायद्याखाली परवानाधारकालाही वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. परवाना आहे का विचारा, नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार होते. नुसतं विचारल्यानेही कधीकधी व्याज उतरतं.)

टेम्पोचा हप्ता मात्र या पैशातून अजिबात नको. ते कर्ज टेम्पोने फेडायचं. हा पैसा तुमच्या हाताचा आहे, खातंही फक्त तुमच्या नावाचं ठेवा, जोडखातं नको, वारस म्हणून मुलांची नावं लावा. तीन वर्षांनी ठेव सुटेल तेव्हा पतसंस्थेचा एक टक्का जास्त बघून हलवू नका. माप घ्यायची नजर तुमची शाबूत आहे, गिऱ्हाइकं ओळखीची आहेत. उरलेल्या पंधरा हजारांत एखादी मुलगी कापायला-शिवायला धरून चार महिने चालवून बघा. जमलं तर दुसऱ्या मशीनचा विचार ठेव सुटल्यावर.

प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. फी नाही. बाई म्हणून वकीलही मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करून आधी विचारता येईल. अर्जासोबत एफआयआरची प्रत, दोन्ही ऑपरेशनांचे डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, प्रमाणपत्र, पासबुक जोडा. घटनेपासून तीन वर्षांची मुदत आहे, तुमचे चौदा महिने गेलेत. फेटाळला तर तीस दिवसांत राज्य प्राधिकरणाकडे अपील. फेरतपासणीला वेळ लागणार असेल तर थांबू नका, अर्ज आत्ताच टाका, नवं प्रमाणपत्र मागाहून जोडता येतं. आणि मापाच्या वहीची झेरॉक्सच द्या, मूळ वही कुणी मागितली तरी पोच घेतल्याशिवाय सोडू नका.