भुलीची भीती आणि घरात कुणी न बोललेली गोष्ट

‘पूर्ण भूल देणार म्हणताहेत. जाग येईल ना?’

ऑपरेशनआधीच्या समुपदेशनात मला सगळ्यांत जास्त ऐकू येतो तो हा प्रश्न. कुणी थेट विचारतं. कुणी कागदावर सही करताना पेन हातात धरून बसून राहतं. आपण ज्याला पोट कापायची, हाड जोडायची परवानगी देतो त्या सर्जनची एवढी धास्ती वाटत नाही, जेवढी तोंडावर धरल्या जाणाऱ्या त्या मास्कची वाटते. ही भीती भाबडी नाही. शुद्ध दुसऱ्याच्या हाती सोपवायची तर माणूस घाबरणारच.

मी हल्ली या प्रश्नाला लगेच ‘काही होत नाही हो’ असं म्हणत नाही. आधी एक प्रश्न विचारते. तो का विचारते, हे एका आईच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पाच वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्याला सुईची भयंकर भीती. म्हणून आमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी आधी मास्कमधून सेवोफ्लुरेन द्यायचं आणि झोप लागल्यावर शीर शोधायची, असं ठरवलं होतं. मुलांसाठी हा गॅस पुष्कळ वापरतात, कारण त्याचा वास उग्र नसतो आणि घशाला तो फारसा टोचत नाही. मुलगा तर खुशीत होता, रिकामा मास्क तोंडाला लावून फुगा फुगवायचा सराव त्याने करून दाखवला. आई मात्र तारीख पुढे ढकला म्हणत होती. दुसऱ्यांदा.

तिची समजूत काढायला तिला माझ्याकडे पाठवलं. ती आली तीच म्हणाली, ‘मॅडम, मला सगळं समजावून सांगितलंय. मीच वेडी आहे. पण हा उठलाच नाही तर?’

मी तिला गॅसचं काम कसं चालतं ते सांगितलं, कारण ते कळल्यावर निम्मी भीती उतरते असा माझा अनुभव आहे. सेवोफ्लुरेन बाटलीत द्रवरूप असतं. यंत्रात त्याची वाफ होते, ती ऑक्सिजनबरोबर फुप्फुसात जाते, तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. जाण्याचा रस्ताही तोच. मीटर बंद केला की बहुतेक गॅस श्वासावाटेच बाहेर पडतो, जेमतेम पाच टक्क्यांपर्यंतच यकृतात मोडला जातो. म्हणून छोट्या ऑपरेशननंतर मूल काही मिनिटांत हालचाल करू लागतं. शिवाय भूल देऊन डॉक्टर निघून जात नाहीत. पूर्ण वेळ ते डोक्याशी उभे असतात. हृदयाचे ठोके, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन, बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि त्याच श्वासात गॅस किती आहे, हे सगळं पडद्यावर दिसत असतं. अर्धवट भूल राहून मध्येच जाग आली तर, ही दुसरी नेहमीची शंका. ते फार क्वचित होतं, आणि श्वासातल्या गॅसचं ते सतत चालणारं मोजमाप त्यासाठीच असतं.

तिने सगळं ऐकलं, मान डोलावली. चेहऱ्यावर फरक नाही.

तेव्हा मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला: ‘ताई, तुमच्या माहेरी किंवा सासरी कुणाला भुलीच्या वेळी काही झालं होतं का?’

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्याचा याच्याशी काय संबंध?’ आणि त्यावरूनच मला कळलं की काहीतरी आहे.

तिचा मामा एकोणीस वर्षांचा असताना अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. ही तेव्हा फार लहान होती. घरात त्याचा फोटो होता, पण विषय कुणी काढत नसे. ‘भूल जास्त झाली’ एवढंच घरातलं वाक्य. लग्नानंतर एकदा आईने तिला थोडं जास्त सांगितलं होतं: दात इतके घट्ट मिटले की नळी घालता येईना, अंग ताठ झालं, ताप चढत गेला, बर्फ मागवला, आणि तो टेबलावरच गेला.

‘हे तुम्ही भूलतज्ज्ञांना सांगितलंत का?’

‘नाही. त्यांनी विचारलं होतं घरात कुणाला काही आजार आहे का, तर मी शुगर, बीपी सांगितलं. मामाचं काय सांगायचं? तो आजार नव्हता, ती तर चूक होती डॉक्टरांची. आणि असं आधीच बोललं तर अपशकुनी म्हणतील.’

मी तिला तिथेच बसायला सांगून भूलतज्ज्ञांना फोन लावला. दोन रुग्णांच्या मध्ये दहा मिनिटं काढून त्या स्वतः खाली आल्या. त्यांनी तिला पुन्हा सगळं विचारलं, तिच्या आईला फोन लावायला लावला आणि त्यांच्याशी, म्हणजे मुलाच्या आजींशी, बोलल्या. मग म्हणाल्या, ‘उद्याची योजना बदलायची. याला सेवोफ्लुरेन द्यायचं नाही.’

त्यांना जी शंका आली तिचं नाव मॅलिग्नंट हायपरथर्मिया. नावात मॅलिग्नंट असलं तरी कॅन्सरशी याचा काहीही संबंध नाही. हा स्नायूंमधला जन्मजात, बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला दोष असतो. एरवी माणूस धडधाकट असतो, खेळतो, पळतो. स्नायू आखडायला पेशीत कॅल्शियम सोडावं लागतं आणि सैल पडायला ते परत साठवावं लागतं. या लोकांमध्ये काही ठरावीक औषधं दिली की हे कॅल्शियम सोडणारा नळ उघडतो आणि बंदच होत नाही. सगळे स्नायू एकाच वेळी आखडून काम करत राहतात, ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता तयार करतात, पेशी फुटून पोटॅशियम रक्तात येतं. ती ठरावीक औषधं म्हणजे हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन, डेसफ्लुरेन हे वाफेने दिले जाणारे भुलीचे गॅस, आणि सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. नायट्रस ऑक्साइडने हे होत नाही. शिरेतून देतात त्या प्रोपोफॉलने किंवा केटामीनने होत नाही, कमरेत किंवा जागेवर सुन्न करण्याच्या औषधांनीही नाही.

हे फार दुर्मीळ आहे. दहा हजार भुलींमध्ये एक इथपासून अडीच लाखांत एक इथपर्यंतचे अंदाज दिले जातात. हे वाचून कुणी ठरलेलं ऑपरेशन रद्द करू नये, म्हणून हे स्पष्ट लिहिते आहे.

या विकाराची वैद्यकशास्त्राला ओळख झाली ती एका घाबरलेल्या रुग्णामुळेच. मेलबर्नमध्ये एकवीस वर्षांच्या एका तरुणाचा पाय मोडला होता. त्याला पायाची काळजी नव्हती, भुलीची होती; कारण त्याच्या नात्यातले दहा जण ईथरची भूल दिल्यावर दगावले होते. त्याला ईथरऐवजी त्या वेळी नवं असलेलं हॅलोथेन दिलं गेलं. थोड्याच वेळात तब्येत ढासळली. भूल थांबवून, बर्फात ठेवून त्याला वाचवलं. डॉ. मायकेल डेनबरो यांनी त्याच्या कुटुंबाची माहिती गोळा केली आणि 1960 मध्ये डॉ. लव्हेल यांच्याबरोबर ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्या तरुणाच्या भीतीत कुटुंबाचा सगळा इतिहास होता. कुणीतरी तो ऐकून घेतला, म्हणून पुढच्या कित्येकांचे जीव वाचले. मी ही गोष्ट त्या आईलाही सांगितली. स्वतःला वेडी म्हणायचं तिने तिथून पुढे थांबवलं.

‘पण मॅडम, माझं सिझेरियन झालं तेव्हा तर काहीच झालं नाही,’ ती म्हणाली. बरोबर शंका. पण तिला कमरेत इंजेक्शन दिलं होतं, गॅस दिलाच नव्हता. आजींचं तर कधी कसलंच ऑपरेशन झालेलं नव्हतं. म्हणजे मामानंतर या घरात कुणाची परीक्षा झालीच नव्हती. भूलतज्ज्ञांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे: आधी एकदा गॅसची भूल नीट पार पडली म्हणून हा दोष नाही असं म्हणता येत नाही. पहिल्या वेळी काहीच न होता पुढच्या वेळी त्रास झालेले रुग्ण आहेत.

ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. तेवढ्यात यंत्रातून गॅसचे डबे काढले, नळ्या बदलल्या, उरलेला अंश निघून जावा म्हणून यंत्र बराच वेळ धुतल्यासारखं ऑक्सिजनने मोकळं केलं. मुलाला यादीत सकाळी पहिला नंबर दिला. डँट्रोलीन हाताशी आहे याची खात्री केली. हे औषध स्नायूतलं ते कॅल्शियम सुटणं आवरतं. त्याचं शिरेतून द्यायचं रूप अमेरिकेत 1979 मध्ये मंजूर झालं. त्याआधी झटका आलेल्या दहांतले सात-आठ दगावत. आता वेळेत ओळखून औषध दिलं तर बहुतेक जण वाचतात. ओळखण्याची पहिली खूण अनेकदा ताप नसतो, श्वासातला कार्बन डायऑक्साइड चढत जाणं ही असते. ताप बऱ्याचदा उशिरा येतो. म्हणूनच वर सांगितलेला तो पडदा इतका मोलाचा.

राहिली सुई. मास्कचा सराव केलेल्या मुलाला ‘आता मास्क नाही’ हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्याला मी खोटं सांगितलं नाही. हाताला सुन्न करणारं मलम तासभर आधी लावू, तरी थोडं टोचेल, त्या वेळी आई जवळ असेल, हे सांगितलं. तो रडला. आईनेही डोळे पुसले, पण या वेळी तारीख बदला म्हणाली नाही. प्रोपोफॉलवर ऑपरेशन झालं, जास्त वेळ निगराणीत ठेवलं, काही झालं नाही.

आता त्यावरून ‘म्हणजे त्याला दोष नाही’ असा निष्कर्ष निघत नाही, हे तिला नीट समजावावं लागलं. धोक्याचं औषध दिलंच नव्हतं, मग दिसणार काय? मामाचे कागद कुठेच उरलेले नाहीत, त्यामुळे त्याला नेमकं काय झालं हेही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. स्नायूचा तुकडा काढून करायची तपासणी मोजक्याच केंद्रांत होते. रक्तातून जनुकाची तपासणी होते, पण तिच्यात दोष सापडला नाही तरी शंका पूर्ण फिटत नाही. शंका खरी असेल तर मामाच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे आजींना, दोष असण्याची शक्यता निम्मी, तिच्या मुलीला त्याच्या निम्मी, नातवाला त्याच्याही निम्मी. जनुकतज्ज्ञांकडे जायचं का, ते कुटुंबाने सावकाश ठरवावं. तोपर्यंत दोष आहे असं धरून चालायचं.

इतर पालकांसाठी थोडं. भुलीच्या तपासणीला जाताना फक्त शुगर-बीपी सांगून उठू नका. रक्ताच्या नात्यात कुणी भुलीत दगावलं, कुणाला भुलीत प्रचंड ताप आला, अंग ताठ झालं, नंतर काळपट लाल लघवी झाली, कावीळ झाली, तर ते सांगा. मुलगा उशिरा चालायला लागला, सारखा पडतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून उठतो, तर नक्की सांगा. काही स्नायूंच्या आजारांतही हे गॅस आणि ते इंजेक्शन घातक ठरू शकतात, आणि आजाराचं निदान अजून झालेलंही नसतं. मुलाला सर्दी-खोकला, ताप असेल तर तारीख जाईल म्हणून लपवू नका. उपाशी ठेवण्याच्या वेळा पाळा: साधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास आधी बंद, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. सेवोफ्लुरेननंतर शुद्धीवर येताना काही मुलं वेड्यासारखी रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. ते पाहवत नाही, पण बहुधा थोड्या वेळात शांत होतात आणि नंतर त्यांना ते आठवतही नाही.

मेंदूवर परिणाम होईल का, असंही विचारतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2016 मध्ये सावधगिरीची सूचना दिली ती तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा पुन्हापुन्हा दिलेल्या भुलीबद्दल. एकदाच, तासाभराच्या आतल्या भुलीने तान्ह्या मुलांच्या बुद्धीत पाचव्या वर्षापर्यंत फरक पडलेला दिसला नाही, असं मोठ्या अभ्यासात आढळलं आहे. गरजेचं ऑपरेशन या भीतीने लांबवू नये, असं माझं ठाम मत आहे.

टाके दाखवायला आले तेव्हा आजी बरोबर होत्या. त्यांना माझ्याशी एकटीशी बोलायचं होतं. भावाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांनी केली होती, वडील गावाला होते म्हणून. इतकी वर्षं त्या सहीचं ओझं त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. ‘मी थांबवलं असतं तर’, एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की अपेंडिक्स फुटायला आलेला असताना ऑपरेशन थांबवणं हाही मृत्यूच ठरला असता, आणि जे झालं ते कदाचित त्याच्या स्नायूंतच जन्मापासून होतं, जे बाहेरून कुणालाच दिसलं नसतं. ‘कदाचित’ हा शब्द मी गाळला नाही. त्यांनी तो ऐकला आणि तरी त्या खूप वेळ रडल्या.

भूलतज्ज्ञांनी त्यांना एक पत्र दिलं: कुटुंबात मॅलिग्नंट हायपरथर्मियाची शंका, हे गॅस आणि सक्सिनिलकोलिन टाळावं. प्रत्येकाने फोनमध्ये त्याचा फोटो ठेवायचा आणि एक प्रत पाकिटात, कारण अपघातात बेशुद्ध माणूस बोलू शकत नाही. आजींनी स्वतः सगळ्या भाच्यांना फोन केले. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं होतं. त्याने ते पत्र त्याच्या रुग्णालयात दाखवलं. तिथल्या भूलतज्ज्ञांनी त्याला कमरेखाली भूल द्यायचं ठरवलं आणि आमच्या डॉक्टरांना फोन करून मामाची सगळी हकीकत पुन्हा एकदा विचारून घेतली.